प्रश्न पक्का होण्याआधी लोकांकडे जावे: आरोग्य-संशोधनाच्या आराखड्यातील लोकसहभागाविषयी

पुण्यात सार्वजनिक आरोग्य या विषयात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तिला वस्तीत राहणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांमधील मधुमेहाचा अभ्यास करायचा आहे आणि अभ्यासाचा आराखडा ठरवतानाच या स्त्रियांना सामील करून घ्यावे असे तिला वाटते. विभागातील एका वरिष्ठांचे म्हणणे मात्र वेगळे आहे. ‘लोकांशी चर्चा केली’ असा एक परिच्छेद संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीच्या अर्जात असला म्हणजे पुरे, त्याहून अधिक काही केले तर काम लांबेल आणि अभ्यास शास्त्रीयदृष्ट्या सैल होईल, असे ते म्हणतात. संशोधकांना याविषयी खरोखर काय वाटते, आणि हे करायचे झाले तर कोणाला बोलवावे व कसे, असे तिने विचारले आहे.

मी गेली सव्वीस वर्षे पुणे शहरातील वस्त्यांमध्ये आणि हवेली, मुळशी व शिरूर या तालुक्यांत आरोग्यविषयक अभ्यास करत आले आहे. सुरुवातीच्या अभ्यासांत माझी पद्धत तुमच्या वरिष्ठांच्या सल्ल्याहून वेगळी नव्हती. आराखडा कार्यालयात बसून लिहायचा, प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणायची, समितीची मंजुरी मिळवायची आणि मग सरपंचांना किंवा नगरसेवकांना भेटून ‘सहकार्य’ मागायचे, असे मला शिकवले गेले होते. त्यामुळे तुमच्या वरिष्ठांना मी दोष देणार नाही. परंतु माझे आजचे मत त्यांच्या मताच्या विरुद्ध आहे आणि ते आधीच सांगून ठेवते: लोकांकडे जायचे ते अभ्यासाचा प्रश्न पक्का होण्याआधी जावे, आणि त्यांच्या बोलण्यामुळे आराखड्यातील नेमके काय बदलले याची लेखी नोंद ठेवावी. काहीच बदलले नसेल तर सहभाग झाला असे म्हणू नये.

प्रथम संशोधकांच्या मतांविषयी. लोकसहभागाला तत्त्वतः विरोध करणारा संशोधक आता क्वचितच भेटतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये समुदायाला सामील करून घेण्याचा विषय आहे. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित आवृत्तीत तर संशोधनाच्या आधी, संशोधन चालू असताना आणि ते संपल्यावरही सहभागी व्यक्तींशी आणि त्यांच्या समुदायांशी अर्थपूर्ण संवाद असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे तत्त्व सगळ्यांनाच मान्य असते. ते मान्य करून झाल्यावर पुढचे वाक्य ‘पण’ने सुरू होते आणि त्या ‘पण’नंतर काय येते ते माणसागणिक वेगळे असते. औषधांच्या किंवा लसींच्या चाचण्या करणाऱ्या डॉक्टरांची अडचण बहुधा वेळेची असते, कारण निधीचे वेळापत्रक ठरलेले असते आणि सहा महिने बैठकांत गेले तर त्यांचा हिशेब कोठे दाखवायचा हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असतो. साथरोगशास्त्रज्ञ विचारतात की दहा जणींना बोलावले तर त्या नेमक्या कोणाच्या प्रतिनिधी. संख्याशास्त्रज्ञांना मोजमापाची एकवाक्यता बिघडेल अशी काळजी वाटते. समाजशास्त्राकडून आलेल्यांची काळजी याच्या उलट असते: सहभागाचा देखावा उभा राहील आणि आपलेच निर्णय लोकांच्या नावावर खपवले जातील, अशी भीती त्यांना वाटते. यांतील एकही आक्षेप मला पोकळ वाटत नाही.

या सगळ्यांच्या मागे आणखी एक आक्षेप असतो आणि तो संशोधक सहसा चहाच्या वेळी, अगदी शेवटी बोलून दाखवतात: ‘त्यांनी नकोच म्हटले तर?’ आपण ज्या विषयात उमेदीची दहा वर्षे घातली तो विषय लोकांना महत्त्वाचा वाटला नाही, तर त्या वर्षांचे करायचे काय? या भीतीबद्दल मला सहानुभूती आहे, कारण ती मलाही वाटलेली आहे. परंतु ती मनात ठेवूनच लोकांसमोर बसले पाहिजे, कारण नकार ऐकण्याची आपली तयारी आहे की नाही हे समोरच्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळते.

सहभागाच्या बाजूने बोलणारे संशोधक दोन कारणे देतात. पहिले कारण नैतिक आहे: ज्यांच्या शरीराची आणि आयुष्याची माहिती घ्यायची त्यांना ती कशी घ्यायची यात मत असले पाहिजे. दुसरे कारण उपयोगाचे आहे, आणि उपयोग म्हणजे काय विचारले तर बहुतेक जण ‘लोक लवकर मिळतात, मध्येच सोडून जात नाहीत’ एवढेच सांगतात. हे खरे आहे, पण उपयोग तेवढ्यावर संपत असेल तर लोक आपल्या कामाचे साधन बनून राहतात. माझ्या अनुभवात मोठा उपयोग दुसराच आहे आणि तो तुमच्या वरिष्ठांच्या शास्त्रीयतेविषयीच्या शंकेला थेट उत्तर देतो. योगायोगाने त्याचे माझ्याकडचे उदाहरण तुमच्याच विषयातले आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

आम्हाला काही स्त्रियांच्या रक्तातील साखर उपाशीपोटी तपासायची होती. माहितीपत्रकाच्या मसुद्यात ‘तपासणीसाठी उपवासाच्या अवस्थेत यावे’ असे वाक्य होते. ते कोशात पाहून केलेले भाषांतर होते आणि कार्यालयातल्या आम्हा पाच-सहा जणांना त्यात काही वावगे वाटले नव्हते. अंगणवाडीच्या खोलीत हा मसुदा मोठ्याने वाचून दाखवताना पुढे बसलेल्या एका मावशींनी विचारले, “उपवासाला साबुदाणा चालेल का भगरच खायची?” खोलीतील एकही बाई हसली नाही, कारण प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडे उपवास म्हणजे उपाशी राहणे नव्हे, तर वेगळे खाणे. साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळी, केळी हे सगळे उपवासाचेच पदार्थ आहेत, आणि साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्यामुळे एक बशी खिचडीनंतरची साखर उपाशीपोटीच्या साखरेपेक्षा पुष्कळ वर गेलेली असू शकते. एखादी बाई चतुर्थीला खिचडी खाऊन आली असती, ‘उपवास आहे का’ या प्रश्नाला तिने अगदी खरेपणाने ‘हो’ म्हटले असते, आमच्या कार्यकर्तीने ‘हो’वर खूण केली असती आणि मधुमेह नसलेली ती स्त्री आमच्या आकडेवारीत मधुमेही म्हणून मोजली गेली असती. पुढे कितीही निष्णात संख्याशास्त्रज्ञ बसवला असता तरी ही चूक त्याला सापडली नसती, कारण त्याच्यासमोरच्या रकान्यात ‘हो’च लिहिलेले असते.

त्यानंतर दुसरीने विचारले, “पण चहा घेतला तर चालेल ना? चहा म्हणजे काही खाणं नाही.” पहाटे उठून पाणी भरून साडेसहा-सातला पहिल्या घरी पोहोचणाऱ्या बाईच्या दृष्टीने साखर घातलेला चहा खाण्यात मोडत नाही. तोपर्यंत आमच्या मसुद्यात चहाचा उल्लेखही नव्हता. अखेर वाक्य असे झाले: ‘रात्री जेवल्यानंतर सकाळी रक्त देईपर्यंत काहीही खाऊ नये; चहा, दूध, उपवासाचे पदार्थही घेऊ नयेत; साधे पाणी प्यायले तर चालेल.’ हे वाक्य त्या खोलीत तयार झाले आणि त्याने मोजमापाची एकवाक्यता बिघडवली नाही, उलट ती पहिल्यांदाच आली.

याच बैठकीत वेळेचाही प्रश्न निघाला. रक्त घेण्याची वेळ आम्ही सकाळी आठची ठेवली होती, म्हणजे तिसऱ्या घरी भांडी चालू असण्याची. एक खाडा झाला तर मालकीणबाई बोलतात, दोन झाले तर पैसे कापतात. रविवारी सुटी असेल असे आम्हाला वाटत होते, तर त्या दिवशी घरोघरी पाहुणे असल्यामुळे काम वाढते असे कळले. मग एकीने असा प्रश्न विचारला की जो आमच्या चर्चेतही यायला हवा होता: उपाशी न राहता करता येईल अशी दुसरी तपासणी नाही का? तशी तपासणी आहे. एचबीए१सी ही तपासणी कोणत्याही वेळी करता येते आणि साधारण मागच्या तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देते. परंतु लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर तिचा आकडा खऱ्यापेक्षा वर सरकू शकतो, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळलेला आहे. हे आम्ही त्यांना त्यांच्या शब्दांत, म्हणजे ‘अंगात रक्त कमी असेल तर ही तपासणी फसवते’ असे सांगितले. दोन्ही बाजू ऐकून त्यांनी ठरवले की रक्त वस्तीतच, सगळ्या कामावर निघण्याआधी, साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान घ्यावे. आमच्या तंत्रज्ञांना हे गैरसोयीचे होते आणि त्यांच्या येण्या-जाण्याचा खर्चही वाढला. पण उत्तम तपासणी कोणती हे ज्ञान आमच्याकडचे आणि ती कोणत्या घटकेला शक्य आहे हे ज्ञान त्यांच्याकडचे होते, आणि अभ्यासाला दोन्हींची सारखीच गरज होती.

शब्दांची अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. ‘श्वेतप्रदर’ छापले तर कोणी उत्तर देत नाही, ‘अंगावर पांढरं जाणं’ म्हटले की बायका मोकळेपणाने बोलू लागतात. पाच मिलिलिटर रक्त म्हटले की भीती वाटते, चहाचा एक लहान चमचा म्हटले की अंदाज येतो. चाचणीत कोणाला कोणते औषध मिळेल हे ‘यादृच्छिक पद्धतीने’ ठरेल असे लिहिण्यापेक्षा ‘चिठ्ठ्या टाकून’ म्हणणे सोपे, पण चिठ्ठी लागणे म्हणजे नशीब फळफळणे असाही अर्थ निघतो, आणि मग ज्यांना नवे औषध मिळाले त्यांनाच फायदा झाला असा समज पसरतो. तेव्हा तेही समजावून सांगावे लागते. शहराच्या कडेच्या गावांत सहीचा प्रश्न वेगळाच आहे. चाकण, रांजणगाव, हिंजवडी या पट्ट्यात गेल्या काही दशकांत जमिनींचे व्यवहार इतक्या वेगाने झाले आहेत की अनोळखी माणसाने पुढे केलेल्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही, हे घराघरांत लहानांनाही शिकवलेले असते. संमतीपत्रावर सही न देणारा माणूस संशोधनाला नकार देतो आहे असे आपण लिहून टाकतो. वास्तविक तो कागदाला नकार देत असतो. अशा ठिकाणी संमतीपत्र आदल्या दिवशी घरी ठेवून यावे, शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला ते वाचू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी जावे, ही सूचना आम्हाला गावातल्या लोकांनीच केली होती.

पुण्याला तर अशा अविश्वासाची आठवण फार जुनी आहे. १८९७ च्या प्लेगच्या वेळी रँडच्या अधिपत्याखाली सैनिकांकरवी घरे तपासली गेली, माणसांना बळाने हलवले गेले, आणि लोक आजारी माणसे लपवू लागले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री कोठे झाला ते आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. तो प्रसंग संशोधनाचा नव्हता, साथनियंत्रणाचा होता. पण त्यातली एक गोष्ट आमच्या कामाला थेट लागू पडते: विश्वास नसला की लोक आजार लपवतात आणि लपवलेला आजार कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

याची दुसरी बाजूही महाराष्ट्रातच दिसते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी एक ना एक आजार असल्याचे त्यात दिसले. आरोग्यव्यवस्था त्या काळी ग्रामीण स्त्रीकडे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन यांपुरतीच पाहत होती. या स्त्रिया दवाखान्यात जातच नव्हत्या, म्हणून दवाखान्याच्या नोंदवहीत हा आजार नव्हता. गावातल्या बायका बोलायला तयार झाल्या म्हणून तो दिसला. बंग यांचे तेथील रुग्णालयही आदिवासींना विचारून त्यांच्या घरांसारख्या झोपड्यांच्या रूपात बांधले गेले. आपल्या जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील वढू गावचे काम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी तेथे गावातल्याच माणसांना आरोग्यकार्यकर्ते म्हणून तयार केले, आणि पुढे त्याच परिसरातील २२ गावांत लोकसंख्येच्या आरोग्याची सातत्याने नोंद ठेवण्याचे काम उभे राहिले. वर्षानुवर्षे घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर विचारणारी अशी व्यवस्था लोकांच्या मनाविरुद्ध एक वर्षही चालू शकणार नाही.

चाचण्यांच्या क्षेत्रात हा विचार एचआयव्हीच्या निमित्ताने आला. १९८३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्स झालेल्या लोकांनीच एकत्र येऊन निर्णयप्रक्रियेच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला स्थान हवे अशी मागणी केली होती. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ मध्ये देशातील पहिली एचआयव्ही-प्रतिबंधक लसीची पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली, तेव्हा समुदाय सल्लागार मंडळ, म्हणजे संशोधकांना सल्ला देणारा लोकांमधलाच गट, ही कल्पना पुण्यातील आम्हा अनेकांना नव्याने जवळून कळली. अशा लसीच्या चाचण्यांत एक अडचण असते: लस घेतलेल्या निरोगी माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तयार झाल्यामुळे नेहमीच्या तपासणीत तो एचआयव्ही-बाधित असल्यासारखा दिसू शकतो. प्रयोगशाळेत बसलेल्याला ही तांत्रिक बाब वाटते. लग्न ठरायचे असलेल्या, परदेशी नोकरीला जाऊ पाहणाऱ्या किंवा विमा काढणाऱ्या माणसाला ती तशी वाटत नाही, आणि म्हणूनच खरा अहवाल कोण देईल, किती वर्षे देईल, हे आराखड्यातच लिहावे लागते.

आता कोणाला बोलवावे हा तुमचा प्रश्न. येथे साथरोगशास्त्रज्ञांचा आक्षेप आठवावा, पण त्याला उत्तर देताना ‘प्रतिनिधी’ हा शब्दच बाजूला ठेवावा असे मला वाटते. या दहा स्त्रिया तुमच्या अभ्यासाचा नमुना नव्हेत. सगळ्या घरकामगारांचे मत त्यांच्याकडून मोजून घ्यायचे नाही. दिवस कसा जातो, पैसे कोठून येतात, कोणाला काय सांगता येत नाही, हे जाणणाऱ्या त्या तज्ज्ञ आहेत. मात्र कोण सुटले याची काळजी घ्यावीच लागते. वस्तीत गेल्यावर पहिल्यांदा भेटतात ते मंडळाचे कार्यकर्ते किंवा नगरसेवकांची माणसे, गावात सरपंच आणि पोलीस पाटील. त्यांना भेटणे शिष्टाचाराला धरून आहे, पण त्यांच्याकडून नावे घेऊ नयेत. आशाताई फार मोलाच्या आहेत आणि त्यांच्याशिवाय फील्डचे काम होत नाही, तरी त्या आरोग्यव्यवस्थेचा भाग असतात. त्यांच्यासमोर सरकारी दवाखान्याविषयी कोणी मोकळे बोलत नाही. सासू असेल तेथे सून बोलत नाही. बैठक देवळाच्या सभामंडपात ठेवली तर काही घरांतल्या बायका येतच नाहीत आणि पाळी असलेली बाईही येत नाही. अंगणवाडीची खोली किंवा बचत गट जेथे बसतो ती जागा बरी. ग्रामीण भागात असाल तर वीटभट्टीवरची आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबे बैठकीच्या दिवशी गावात नसतात, म्हणून त्यांचे आयुष्य आराखड्यातूनही गळते.

तुमच्या विषयात एक अनुकूल गोष्ट आहे. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून काम करते आहे. संघटित स्त्रिया संशोधकाला स्पष्ट प्रश्न विचारतात, अटी घालतात आणि नकारही देतात. काही सहकाऱ्यांना याचा त्रास वाटतो. मला मात्र अशा बैठकीतून सर्वांत उपयोगी सूचना मिळाल्या आहेत. तुम्ही एक गट संघटनेतून घ्यावा आणि दुसरा संघटनेत नसलेल्या, नव्याने शहरात आलेल्या स्त्रियांचा घ्यावा, असे मी सुचवीन. प्रत्येक गटात सहा ते आठ जणी पुरेत.

नैतिकता समितीत सामान्य नागरिक म्हणून एक सदस्य असतो, मग वेगळी बैठक कशाला, असेही तुम्हाला सांगितले जाईल. समितीत असा सदस्य असणे बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे, पण त्या जागी सहसा सुशिक्षित, निवृत्त व्यक्ती असतात. सहा घरची भांडी घासणाऱ्या बाईच्या सकाळचा अंदाज त्यांना असेलच असे नाही. शिवाय त्यांच्यापुढे आराखडा पूर्ण झाल्यावर येतो. मंजुरीपूर्वी लोकांशी बोलणेच नियमबाह्य आहे, हा गैरसमजही बराच पसरलेला आहे. आराखड्याविषयी सल्ला घेणे आणि व्यक्तीची आरोग्यविषयक माहिती गोळा करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीत कोणाच्याही आजाराची नोंद करू नये, आणि तुम्ही काय करणार आहात ते आपल्या समितीच्या सचिवांना आधी लेखी कळवून त्यांचे उत्तर घ्यावे. मंजुरीनंतर बदल करायचा झाला तर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो आणि त्यात महिने जातात. म्हणून तर लवकर जायचे. तुमच्या वरिष्ठांना वेळेची काळजी असेल तर हा मुद्दा त्यांच्यापुढे मांडावा.

सगळे निर्णय लोकांवर सोपवावेत असे माझे म्हणणे नाही. नमुन्याची संख्या किती असावी, चाचणीत धोका दिसला तर ती कधी थांबवावी, प्रयोगशाळेची पद्धत कोणती, हे बहुमताने ठरवायचे विषय नव्हेत आणि तसे पहिल्याच बैठकीत सांगावे. समुदायाने मान्यता दिली म्हणजे व्यक्तीची संमती मिळाली असेही नव्हे. गावाने हो म्हटले तरी एखादीला नाही म्हणता आले पाहिजे. आणि समुदाय एकजीव नसतो. गावातील मोठी माणसे किशोरवयीन मुलींना अमुक विचारू नका म्हणतील तेव्हा त्या मुलींना वेगळे बसवून विचारावे लागते. वस्तीतल्याच मुलीला मुलाखती घेण्यासाठी नेमले तर लोक लवकर बोलतात हे खरे, पण शेजारणीला क्षयरोग झाला आहे हे तिला कळू देण्याची प्रत्येकीची इच्छा नसते. अशा अभ्यासांत मी मुलाखत घेणारी दुसऱ्या वस्तीतली ठेवते आणि हा निर्णय वस्तीतल्या गटाला विचारूनच घेते.

पैशांचा विषय संकोचाने टाळला जातो, तो टाळू नये. आपल्याला बैठकीच्या दिवसाचा पगार मिळतो आणि समोरची बाई रोज बुडवून आलेली असते. बुडालेला रोज, येण्या-जाण्याचे भाडे, मुलांना सांभाळायला कोणी, चहा-नाश्ता, हे सगळे अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत लिहावे. पीएच.डी.साठी निधी कमी असतो हे मी जाणते. तीन बैठकांऐवजी दोन घ्याव्यात, पण फुकट घेऊ नयेत.

बैठकांना जाताना दोन रकान्यांची एक साधी वही बरोबर ठेवा. डाव्या बाजूला कोणत्या गटाने काय सुचवले ते तारखेसह, उजव्या बाजूला त्याचे पुढे काय झाले ते लिहावे. सूचना स्वीकारली असेल तर आराखड्यातील कोणते वाक्य बदलले ते लिहा, स्वीकारली नसेल तर कारण लिहा, आणि पुढच्या बैठकीत ती उजवी बाजू त्यांना वाचून दाखवा. आमच्या वहीत न स्वीकारलेल्या सूचना स्वीकारलेल्यांपेक्षा अधिक आहेत, आणि कारण सांगितल्यावर त्याबद्दल कोणी रागावल्याचे मला आठवत नाही. प्रबंधातही ही वही परिशिष्ट म्हणून जोडता येते. परीक्षकांनी शास्त्रीयतेविषयी प्रश्न विचारला तर त्यांना दाखवण्यासारखा तोच पुरावा आहे.

एक तयारी मात्र पहिल्या बैठकीआधी करा. साखर वाढलेली निघाली तर आम्ही कोठे जायचे, हा प्रश्न तुम्हाला पहिल्या अर्ध्या तासात विचारला जाईल. वस्तीपासून जवळचा महापालिकेचा दवाखाना कोणता, तेथे मधुमेहाच्या गोळ्या नियमित मिळतात का, दवाखान्याची वेळ आणि त्यांची कामाची वेळ जुळते का, हे स्वतः जाऊन पाहून या. वेळ जुळत नसेल तर तसेच सांगा आणि त्याचे काय करता येईल ते त्यांनाच विचारा; तुमच्या अभ्यासाचा प्रश्न कदाचित तेथेच बदलेल.